खडकाळ किनाऱ्यावरचे सायनोबॅक्टेरिया : कोणत्या उंचीवर कोण राहतो आणि का? (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

दिवाळीनंतर मराठवाड्यातल्या कॉलेजांच्या अभ्यास सहली कोकणाकडे निघतात. वनस्पतिशास्त्राची मुले पाण्यात हात घालून समुद्री शेवाळ गोळा करतात, पण ज्या खडकावर उभी असतात त्यावरच्या काळ्या थराकडे सहसा कुणी बघत नाही. तो थर म्हणजे किनाऱ्यावरच्या सर्वांत चिवट रहिवाशांची वस्ती आहे. सहलीआधी आणि सहलीनंतर विद्यार्थी व शिक्षक जे प्रश्न विचारतात, त्यांची उत्तरे इथे एकत्र केली आहेत.

सायनोबॅक्टेरिया म्हणजे शेवाळच ना?

बोलताना आपण त्यांनाही शेवाळच म्हणतो, पण हे जिवाणू आहेत. त्यांच्या पेशीत केंद्रक नसते. तरीही झाडांसारखेच हरितद्रव्य वापरून ते प्रकाशसंश्लेषण करतात आणि ऑक्सिजन बाहेर सोडतात. सुमारे २४० कोटी वर्षांपूर्वी पृथ्वीच्या हवेत ऑक्सिजन साठू लागला, तो यांच्याच पूर्वजांमुळे.

तुम्ही ते घराजवळही पाहिले आहेत. पहिल्या दमदार पावसानंतर मुरमाड माळावर किंवा कॉलेजच्या मैदानावर हिरवट-तपकिरी, जेलीसारखे लिबलिबीत गोळे दिसतात, तो नॉस्टॉक. ऊन पडले की त्याची काळी पापडी होते आणि पुढची सर आली की तो पुन्हा फुगतो. समुद्राच्या खडकावरचे त्याचे भाऊबंद याच गुणावर जगतात.

किनाऱ्यावर उंची मोजायची कुठून? समुद्रसपाटीपासूनच ना?

छत्रपती संभाजीनगर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरहून उंच आहे, असे आपण सहज म्हणतो. किनाऱ्यावर मात्र ही सपाटीच दिवसातून दोनदा वर-खाली होते. म्हणून भरती-ओहोटीच्या तक्त्यांत एक वेगळे शून्य धरतात. ओहोटीचे पाणी जवळजवळ ज्याच्या खाली जात नाही अशी ती पातळी. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या तक्त्यांत दिलेली उंची या शून्यापासूनची असते.

मुंबई-रायगडच्या बाजूला अमावास्या-पौर्णिमेच्या सुमाराची उधाणाची भरती या शून्यापासून साडेचार मीटरच्या आसपास किंवा त्याहूनही वर चढते. अष्टमीच्या सुमाराची भांगाची भरती त्याच्या बरीच खाली, साधारण मीटरभर अलीकडे थांबते. या दोन रेषांच्या मधला खडक लक्षात घ्या. भांगाच्या दिवसांत त्याला समुद्राचे पाणी सलग कित्येक दिवस शिवत नाही. उधाणाच्या रेषेच्याही वर जो खडक आहे, त्याच्या वाट्याला फक्त लाटांचे तुषार येतात.

म्हणून मीटरचा आकडा ही सोय समजा. तिथल्या जिवासाठी उंचीचा अर्थ एकच : दोन ओलाव्यांमध्ये किती काळ कोरडे राहावे लागते. हे समजले की पुढची बहुतेक उत्तरे आपोआप जुळत जातात.

घड्याळाचाही यात हात आहे. त्या भागात उधाणाची भरती साधारण दुपारी आणि मध्यरात्री येते, तर मोठी ओहोटी सकाळी-संध्याकाळी. म्हणजे उधाणाच्या दिवसांत अगदी खालचा खडक उघडा पडतो तो कोवळ्या उन्हात. भांगाच्या दिवसांत ओहोटी भर दुपारी येते, आणि मधल्या-वरच्या खडकाला कडक ऊन सोसावे लागते. सगळीकडे असेच असते असे नाही, ज्या किनाऱ्यावर जाल तिथले वेळापत्रक बघा.

वरून खाली उतरत गेलो तर क्रमाने काय दिसते?

सर्वांत वर, जिथे खाऱ्या पाण्याचा फवारा क्वचितच पोचतो, तिथे करडी-पिवळी दगडफुले असतात. काळ्या मसाल्यात आपण जे दगडफूल घालतो त्याच्याच जातकुळीतली, बुरशी आणि शेवाळ यांच्या भागीदारीतून झालेली.

त्याच्या खाली काळा पट्टा सुरू होतो. उष्ण प्रदेशांत हा पट्टा प्रामुख्याने सायनोबॅक्टेरियांचा असतो. कॅलोथ्रिक्सचे धागे, ग्लिओकॅप्सासारख्या गोल पेशींचे पुंजके, एन्टोफिसॅलिसची काळी खपली, कुठे सायटोनेमा. लिटोरिना कुळातल्या, ज्वारीच्या दाण्याएवढ्या गोगलगाई इथे खडकाच्या फटींत दाटीने बसलेल्या दिसतात. थंड देशांच्या किनाऱ्यांवरही काळा पट्टा असतो, पण तिथे त्यात व्हेरुकेरिया नावाच्या काळ्या दगडफुलाचा वाटा मोठा असतो.

आणखी खाली बार्नॅकलचे (खडकाला कायमचे चिकटून राहणारे छोटे कवचधारी प्राणी) पांढरट, खरखरीत थर आणि कालवांच्या धारदार शिंपा. या मधल्या भागात सायनोबॅक्टेरिया पट्टा करून राहत नाहीत. कुठे रिव्ह्युलेरियाच्या गडद, गुळगुळीत, कडक गाठी, कुठे ब्रॅकिट्रिकियाच्या वळ्या पडलेल्या गादी, असे ठिपक्याठिपक्यांनी दिसतात. याला अपवाद हाँगकाँगच्या किनाऱ्यांचा. तिथे कायर्टुथ्रिक्स नावाचा सायनोबॅक्टेरिया मधल्या उंचीवर नजरेत भरेल असा स्वतंत्र गडद पट्टा करतो.

सर्वांत खाली, जो भाग फक्त उधाणाच्या ओहोटीला उघडा पडतो, तिथे अल्व्हाचे हिरवे पापुद्रे आणि सारगॅसमसारखी तपकिरी शेवाळे राज्य करतात. सायनोबॅक्टेरिया तिथेही आहेत, पण डायटमांबरोबरच्या (एकपेशीय सूक्ष्म शेवाळांबरोबरच्या) पातळ थरात मिसळलेले किंवा मोठ्या शेवाळांच्या अंगावर चिकटलेले.

जगभरातल्या खडकाळ किनाऱ्यांवर असा समान आराखडा आढळतो, हे टी. ए. आणि अ‍ॅन स्टीफन्सन या दांपत्याने १९४९ मध्ये ठळकपणे मांडले. त्यानंतर पाठ्यपुस्तकांत सरळ रेषांनी आखलेली पट्ट्यांची चित्रे रूढ झाली. ती चित्रे सोयीची असली तरी मुलांच्या मनात चुकीची अपेक्षा तयार करतात असे माझे मत आहे. कोकणातला काळा पाषाण भेगाळलेला असतो. एका मुठीएवढ्या भेगेत सावली आणि ओल मिळाली, की खालच्या पट्ट्यातला जीव हातभर वर चढून बसतो. चित्र शोधत गेलात तर निराश व्हाल, भेगा बघत गेलात तर खूप शिकाल.

इतक्या वर, तापलेल्या दगडावर, ते जगतात कसे?

इथे थोडे सविस्तर सांगायला हवे, कारण या विषयाचा गाभाच हा आहे. उष्ण प्रदेशात दुपारी काळ्या खडकाचा पृष्ठभाग ५० अंश सेल्सिअसच्याही वर जातो. पाणी उडून जाते आणि मागे मीठ साठते. मग एखादी पावसाची सर येते आणि तोच खडक काही मिनिटांत गोड्या पाण्याने धुतला जातो. बहुतेक शेवाळांच्या पेशी अशा फरकात फुटतात किंवा आक्रसून मरतात.

सायनोबॅक्टेरियांची पहिली ढाल म्हणजे त्यांच्या भोवतीचे चिकट आवरण. हे बहुशर्करांचे असते, पाणी धरून ठेवते आणि वाळताना पेशीला हळूहळू वाळू देते. पेशीच्या आत ट्रेहॅलोज आणि सुक्रोजसारख्या शर्करा साठतात. पाणी निघून गेल्यावर पेशीतली प्रथिने आणि पातळ पडदे मोडू नयेत, म्हणून त्या त्यांना आधार देतात. समुद्री जातींपैकी अनेक ग्लुकोसिलग्लिसेरॉल नावाचा रेणू बनवतात, त्यामुळे बाहेरचे मीठ वाढले तरी आतले पाणी ओढले जात नाही.

दुसरी ढाल रंगाची. आवरणात सायटोनेमिन नावाचे पिवळट-तपकिरी रंगद्रव्य असते आणि ते अतिनील किरणांचा मोठा हिस्सा पेशीपर्यंत पोचण्याआधीच शोषून घेते. त्याची रासायनिक रचना १९९३ मध्ये उलगडली. काळा पट्टा काळा दिसतो तो मुख्यतः या रंगद्रव्यामुळे. खपलीचा वरचा थर नखाने खरवडून पाहिला तर खाली निळसर-हिरवा रंग निघतो. सायटोनेमिनचे वैशिष्ट्य असे की ते निष्क्रिय अवस्थेतही काम करते. पेशी वाळून पडलेली असताना दुरुस्तीची सगळी यंत्रणा बंद असते, तेव्हाही ही छत्री उघडीच राहते.

तिसरी गोष्ट म्हणजे वेळेचा उपयोग. ओलावा मिळाल्यावर त्यांचा श्वसन आणि प्रकाशसंश्लेषणाचा व्यवहार काही मिनिटांपासून काही तासांत पुन्हा सुरू होतो. लाटेचा तुषार, पहाटेचे दव, धुके, जे मिळेल ते. पाणी मात्र थेंबरूपात लागते. हिरव्या शेवाळाशी भागीदारी असलेली दगडफुले नुसत्या दमट हवेवरही प्रकाशसंश्लेषण सुरू करू शकतात, सायनोबॅक्टेरियांना ते सहसा जमत नाही. काळ्या पट्ट्याची वरची हद्द तुषार पोचतात तिथवरच का, याचे उत्तर बऱ्याच अंशी इथे आहे.

तिथे त्यांना नायट्रोजन, फॉस्फरस कुठून मिळतो?

कॅलोथ्रिक्स आणि रिव्ह्युलेरिया हवेतला नायट्रोजन स्वतःच बांधून घेतात. सूक्ष्मदर्शकाखाली त्यांच्या धाग्याच्या तळाशी एक वेगळी, फिकट, जाड भिंतीची पेशी दिसते. तिला हेटेरोसिस्ट म्हणतात. नायट्रोजन बांधणाऱ्या विकराला (एन्झाइमला) ऑक्सिजन चालत नाही, म्हणून हे काम या बंदिस्त खोलीत चालते.

फॉस्फरस हवेतून मिळत नाही. तो दुर्मीळ झाला की याच धाग्यांचे टोक निमुळते होत लांब, रंगहीन केसासारखे वाढते, आणि त्या केसावरची विकरे पाण्यातल्या सेंद्रिय पदार्थांतून फॉस्फेट सोडवून घेतात. पक्षी बसतात त्या खडकांवर विष्ठेमुळे हे गणित बदलते आणि तिथे दुसऱ्याच जाती फोफावतात.

खाली तर पाणी जास्त, ऊन कमी. मग ते खालीच मोठ्या संख्येने का राहत नाहीत?

कारण खाली त्यांना खाणारे आणि जागा बळकावणारे जास्त आहेत.

किनाऱ्याच्या अभ्यासातला एक जुना नियम असा : वरची हद्द हवामान ठरवते, खालची हद्द शेजारी ठरवतात. जोसेफ कॉनेल यांनी स्कॉटलंडच्या कम्ब्रे बेटावर बार्नॅकलच्या दोन जातींवर प्रयोग करून १९६१ मध्ये हे दाखवले. वर राहणारी जात खालीही उत्तम वाढू शकत होती. खालची दणकट जात तिला उखडून, दाबून टाकत होती, म्हणून ती वर दिसत होती. नियमाला अपवाद बरेच आहेत, पण सायनोबॅक्टेरियांच्या बाबतीत तो चांगला लागू पडतो.

यांचे शेजारी म्हणजे मुख्यतः टोपीच्या आकाराचे लिंपेट, नेरिटा आणि इतर गोगलगाई. लिंपेटच्या जिभेवर दातांच्या रांगा असतात आणि त्या दातांत गोएथाइट नावाचे लोहखनिज असते. २०१५ मध्ये ब्रिटनमधल्या संशोधकांनी या दातांची ताकद मोजली, तेव्हा तोवर मोजलेल्या जैविक पदार्थांत ते सर्वांत मजबूत ठरले. हा प्राणी खडकावरचा थर दगडासकट खरवडतो. त्याला सरकायला ओल लागते. खालच्या खडकावर ओल भरपूर वेळ असते, म्हणून तिथे चराईही भरपूर. वर ओल थोडा वेळ टिकते, म्हणून खाणाऱ्याला वेळ कमी. ज्या कोरडेपणाने सायनोबॅक्टेरिया गांजलेले असतात, तोच कोरडेपणा त्यांचे रक्षणही करतो.

चरणारे नाहीसे झाले तर काय होते, हे एका दुर्घटनेने दाखवले. मार्च १९६७ मध्ये टॉरी कॅनियन हे तेलवाहू जहाज इंग्लंडच्या कॉर्नवॉल किनाऱ्याजवळ फुटले. तेल हटवण्यासाठी ओतलेल्या रसायनांनी लिंपेट मोठ्या प्रमाणावर मेले. काही महिन्यांत खडक हिरव्या शेवाळाने माखले, त्यापाठोपाठ तपकिरी शेवाळे दाटली. किनारा पूर्ववत व्हायला दहा वर्षांहून अधिक काळ लागला. यातून दुसरीही गोष्ट दिसते : चराई थांबली म्हणून मोकळा झालेला खालचा खडक सायनोबॅक्टेरियांना मिळाला नाही, वेगाने वाढणाऱ्या शेवाळांनी तो व्यापला. संथ वाढ ही त्यांची खरी अडचण आहे. जिथे दुसरा कुणी टिकत नाही, तिथेच त्यांना पुरेसा अवधी मिळतो.

खडकाच्या आतही ते असतात म्हणे?

असतात. हायेला आणि मॅस्टिगोकोलियससारख्या जाती चुनखडीत आणि शिंपल्यांत स्वतः भोके पाडून शिरतात. आत ऊन कमी, ओल जास्त. लिंपेट वरचा थर खरवडतो तसे ते आणखी आत सरकतात, आणि दोघे मिळून खडकाची झीज करतात. एड्रियाटिक समुद्राच्या चुनखडी किनाऱ्यांवर याचा पुष्कळ अभ्यास झाला आहे. आपला काळा पाषाण असा पोखरता येत नाही, पण त्यावर चिकटलेल्या बार्नॅकल-कालवांच्या कवचांत या जाती शोधायला हरकत नाही.

काळा पट्टा सगळीकडे एकाच उंचीवर असतो का?

नाही. लाटांचा मारा असलेल्या टोकावर तुषार उंच उडतात, त्यामुळे पट्टा रुंद होतो आणि वर सरकतो. खाडीच्या आत, शांत पाण्याला, तोच पट्टा अरुंद होतो. दक्षिणेकडे तोंड असलेल्या खडकापेक्षा उत्तरेकडच्या सावलीतल्या खडकावर जीव जरा वर चढलेले आढळतात. उताराचाही फरक पडतो. उभ्या कड्यावर पाणी निथळून जाते, सपाट ओट्यावर साचते.

जागा तीच असेल तर मात्र ही रेषा इतकी स्थिर असते की तिच्यावरून पाण्याची पातळी वाचता येते. व्हेनिसमध्ये घरांच्या भिंतींवरची शेवाळाची रेषा शतकानुशतके पातळीची खूण म्हणून वापरली गेली. कॅनालेत्तोने १८ व्या शतकात काढलेल्या चित्रांत ती रेषा बारकाईने दाखवली आहे. इटलीतल्या संशोधकांनी आजच्या रेषेशी तिची तुलना करून २००३ मध्ये दाखवले, की तेव्हापासून शहर पाण्याच्या तुलनेत अर्ध्या मीटरहून अधिक खाली गेले आहे.

सहलीला कोणत्या महिन्यात जावे?

नोव्हेंबर ते फेब्रुवारी. पावसाळ्यात वरचा खडक सतत ओला असतो, हिरवी शेवाळे वरपर्यंत चढतात आणि पट्ट्यांच्या सीमा पुसट होतात. शिवाय तेव्हा किनाऱ्यावर उतरणे जिवावर बेतू शकते. हिवाळ्यात सीमा स्पष्ट होऊ लागतात. एप्रिल-मेमध्ये वरची हिरवी शेवाळे करपून जातात आणि काळी खपली तेवढी उरते. हा फरक अभ्यासाला उत्तम आहे, पण मुलांना त्या उन्हात तासन्‌तास उभे करू नये.

कुठे पाहावे?

हरिहरेश्वरला लाटांनी कापलेले खडकांचे ओटे फार छान आहेत, आणि आपल्याकडचे बरेच लोक दर्शनाला जातातच. अलिबागच्या कुलाबा किल्ल्याकडे ओहोटीला चालत जाता येते, तिथे तटबंदीच्या दगडावर पट्ट्यांचा क्रम हाताशी मिळतो. मालवणकडे गेलात तर तांबड्या जांभ्यावर काळा थर अधिक उठून दिसतो. काळ्या पाषाणावर नवख्याची फसगत होते, कारण दगड मुळातच काळा. तिथे हातभिंग लागतेच.

हे डांबर किंवा तेल तर नसेल?

पावसाळ्यात कोकण किनाऱ्यावर डांबराचे गोळे येतात, त्यामुळे शंका रास्त आहे. डांबर उन्हात मऊ होते, बोटाला चिकटते, वास येतो आणि ते वेडेवाकडे डाग करून बसते. सायनोबॅक्टेरियांची खपली कोरडी असताना खरखरीत असते, पाणी टाकले की थोड्या वेळात निसरडी होते, आणि ती एका उंचीला धरून लांबवर पसरलेली असते.

उंची मोजायला महागडी साधने हवीत का?

गवंडी वापरतात तो पाणी भरलेला पारदर्शक पाईप आणि एक मोजपट्टी पुरेशी आहे. तक्त्यात दिलेल्या ओहोटीच्या वेळी पाणी जिथे आहे तिथे खूण करा, तक्त्यातली उंची हाच तुमचा आरंभ. तिथून पाईपने पातळी वर घेत जा. दर २० किंवा २५ सें.मी. उंचीला एक चौकट ठेवा आणि तीत काळी खपली, बार्नॅकल, शेवाळ, गोगलगाई यांनी किती जागा व्यापली ते टिपा. समुद्र शांत असेल तेव्हाच हे करा, लाटा असतील तर आरंभच चुकतो. एकाच ओळीवर समाधान मानू नका. दहा पावलांवर दुसरी ओळ घेतली की भेगा आणि सावली काय करतात ते कळते.

नमुने नांदेड-लातूरपर्यंत आणताना खराब होणार नाहीत?

काळ्या पट्ट्यातले नाहीत. नखाएवढी खपली कागदाच्या पाकिटात कोरडीच आणा, पाकिटावर उंची लिहा. ती वाळलेल्या अवस्थेत खूप काळ टिकते. प्रयोगशाळेत मिठाचे प्रमाण समुद्राइतके, म्हणजे लिटरला सुमारे ३५ ग्रॅम, असलेल्या पाण्याचे थेंब टाकून भिजू द्या आणि सूक्ष्मदर्शकाखाली बघा. तळाशी जाड आणि टोकाला निमुळता धागा दिसला तर कॅलोथ्रिक्सकडे जा. दोन-दोन, चार-चार पेशी एकात एक आवरणांत गुंडाळलेल्या असतील तर ग्लिओकॅप्साच्या बाजूला. जातीचे नाव घाईने लिहू नका, यांत एकाच जातीचे रूप ओलाव्याप्रमाणे बदलते. प्लास्टिकच्या पिशवीत ओला नमुना मात्र बसमध्येच कुजतो. आणि खडकाचा हातभर भाग खरवडून काढायची गरज नाही, तो थर पुन्हा बसायला वेळ लागतो.

हात लावला तर अपाय होतो का? शेततळ्यातले हिरवे पाणी हेच का?

वरच्या काळ्या पट्ट्याला हात लावून काही होत नाही. समुद्रातल्या लिंगब्यासारख्या काही जातींमुळे त्वचेची आग होऊ शकते, पण ती सहसा पाण्याखाली असतात. शेततळ्यात किंवा तलावात उन्हाळ्यात हिरव्या रंगासारखी साय येते ती अनेकदा मायक्रोसिस्टिसची असते. तोही सायनोबॅक्टेरियाच, आणि त्याचे विष यकृतावर परिणाम करते. अशी साय आलेल्या पाण्यावर जनावरे नेऊ नयेत.

समुद्रावर जाणे जमले नाही, तर इथे काही पाहता येईल?

जरूर. नळदुर्गच्या पाणीमहालावर बोरी नदीचे पाणी जिथून ओसंडते तिथले दगड, वेरूळच्या कड्यावरून पावसाळ्यात पाण्याच्या धारा उतरतात त्या जागा, परभणी जिल्ह्यातल्या वालूर-चारठाण्याच्या बारवा. कड्यांवरच्या अशा काळ्या ओघळांत सहसा ग्लिओकॅप्सा, सायटोनेमा यांची वस्ती असते, आणि सायटोनेमिनची छत्री तीच. बारवेत ऑक्टोबरपासून मेपर्यंत पाणी पायरी-पायरीने उतरते. दर महिन्याला प्रत्येक पायरीच्या दगडाचा रंग टिपलात तर कोरडेपणाच्या कालावधीप्रमाणे थर कसा बदलतो ते दिसेल.

फरकही समजून घ्या. इथे पाणी महिन्यांच्या हिशेबाने उतरते, तिथे तासांच्या. इथे मीठ नाही, आणि दगड खरवडणारा समुद्री लिंपेट नाही. त्यामुळे वरच्या हद्दीचा अभ्यास बारवेत चांगला होतो, खालच्या हद्दीसाठी समुद्रच गाठावा लागतो.

मुलांना खडकावर नेताना काय काळजी घ्यावी?

काळी आणि हिरवी, दोन्ही खपली ओली असताना पाय टिकू देत नाही. चप्पल नको, पकड असलेले बूट हवेत. हरिहरेश्वरचा प्रदक्षिणेचा मार्ग खडकांवरून जातो, तो ओहोटीलाच करावा. ओहोटीच्या वेळेच्या दीड-दोन तास आधी उतरा, पाण्यामागोमाग खाली जा, आणि पाणी वळले की काम अर्धे असले तरी परत फिरा. एका शिक्षकाने खडकावर काहीही न मोजता फक्त समुद्राकडे तोंड करून उभे राहावे. मराठवाड्यातल्या बहुतेक मुलांनी भरती चढताना पाहिलेली नसते. ती समोरूनच येते असा त्यांचा समज असतो, प्रत्यक्षात पाणी आधी मागच्या घळीतून भरते.